बुटक्या खुर्चीचा सूड

मी खुर्ची बोलतेय. बाकीच्या खुर्च्यांसारखं 'या, बसा' असं मी म्हणणार नाही, आधीच सांगून ठेवते. बसण्यावरूनच तर हे सगळं रामायण घडलं.

दिसायला मी काही खास नाही. हात नाहीत, गादी नाही, पाठ ताठ. चाळिशी उलटलीय, सांधे कुरकुरतात आणि मागच्या डाव्या पायाखाली कागदाची घडी घातल्याशिवाय मला धड उभं राहता येत नाही. वजन मात्र कोणाचंही पेलते, आणि पेलून झाल्यावर आभाराची अपेक्षा ठेवत नाही. चाळिशीतल्या बायकांना ही सवय होऊनच जाते. त्यात मी उंचीनं बुटकी. हा विषय जरा नाजूक आहे, पण तुमच्यापासून काय लपवायचं? मी जन्मानं बुटकी नाही. मला बुटकी केलंय. तेव्हापासून माझ्या मनात डूख आहे.

खुर्च्या सोशिक असतात असं माणसांना वाटतं. सोशिक कसल्या! आम्हाला चालता येत नाही म्हणून आम्ही गप्प. पाय चालते असते, तर निम्म्या घरांतल्या खुर्च्या कधीच माहेरी निघून गेल्या असत्या.

मला केलं एका सुतारानं, कपडे शिवणाऱ्या एका बाईसाठी. सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची, मी नुसतं बाई म्हणते. कुणाच्या तरी दाराची एक जाड फळी उरली होती, त्यातून माझा जन्म. "हात लावू नका हं तिला," बाईनं आधीच बजावलं होतं. "मशीनवर बसलं की कोपरं अडकतात." म्हणून मला हात नाहीत. सुतारानं रंधा मारला, पॉलिश केलं, आणि मला खांद्यावर घेऊन दुकानात आला. काय सांगू, उंच, सडपातळ, चकचकीत होते मी. आता खोटं वाटेल.

बाई बसली. तिचे पाय मशीनच्या पायडलवर पोचेनात, नुसते लोंबकळले.

"दोन बोटं कापा," बाई म्हणाली.

"अहो बाई, उंची बरोबर आहे. सगळीकडे हीच असते."

"सगळीकडे मी बसणार आहे का? कापा."

आणि त्यानं करवत काढली. माझे चारही पाय त्यानं दुकानाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत कापले. तुमचं कुणी असं केलं असतं, तर तुम्ही पोलिसांत गेला असता. मी एका सांध्यातून नुसतं 'कुई' केलं. पण मनात म्हटलं, बाई, आज तू माझे पाय कापलेस. एक दिवस तुझ्याही पायांचं बघते.

तो दिवस यायला आयुष्य गेलं. तोवर आमचा संसार झाला, दुकानातला. तुम्ही माणसाला तोंडावरून ओळखता, मी दुसऱ्या बाजूनं ओळखते, आणि ती बाजू खोटं बोलत नाही. बाई काही बसून राहणारी नव्हती. दोरा संपला की उठली. गिऱ्हाईक आलं की उठली. इस्त्रीला उठली, कापायला उठली, ट्रायल द्यायला उठली, समोरच्या दुकानदाराशी भांडायलाही उठली. उठायला तिनं कधी हात टेकला नाही, कारण हातात नेहमी काहीतरी असायचं: कात्री, टेप, नाहीतर ओठांत टाचण्या आणि हातात कुणाचा तरी कोट. दिवसभर तिची उठबस. मांड्या म्हणजे अगदी तिच्या स्वभावासारख्या, टणक.

स्वभावाबद्दल एवढंच सांगते, की डूख धरण्यात ती माझी गुरू. एकदा एका माणसानं चार लोकांत तिच्या शिवणीची टिंगल केली. बाई हसली. त्याची पँट सुरेख शिवून दिली, फक्त खिसे दोन बोटं उथळ. तो जिथे बसेल तिथे त्याची नाणी घरंगळायची. बिचारा जन्मभर टेबलाखाली वाकून शोधत राहिला असेल. बाईनं कधी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण शिवताना ती हसत होती आणि मी खाली हलत होते.

मग बाईचं वय झालं, दुकान बंद झालं. मला आणि मशीनला तिनं घरी आणलं. दोन खोल्यांचं घर, पहिल्या मजल्यावर, खिडकीतून रस्ता दिसणारं. नवरा आधीच गेलेला. लेक एकच, चिमणी.

चिमणी हे लाडाचं नाव. आता ती पन्नाशीची आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, ऑफिसात मोठी साहेब आहे, आणि अंगानं चांगली भरलीय. मी कुणाच्या अंगाबद्दल बोलू नये, पण पुढे गोष्टीत त्याचं काम आहे. मनानं पोरगी सोन्यासारखी. तीच तर अडचण.

एकदा बाई बाथरूममध्ये साबणावरून घसरली. काही मोडलं नाही, नुसती निळी-जांभळी झाली. पण चिमणी घाबरली. त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच वाक्य.

"तू बस गं आई."

पाणी हवं? तू बस गं आई. दार वाजलं? तू बस गं आई. बाई भाजी चिरायला उठली, तर चिरलेली भाजी आली. कपडे वाळत घालायला उठली, तर कामाला मावशी आल्या. औषधं, चष्मा, फोन, टीव्हीचं बटण, सगळं हाताच्या अंतरावर. आणि या सगळ्यावर कळस म्हणून एक दिवस चार माणसं घामाघूम होऊन एक धूड जिन्यावरून वर घेऊन आली.

तो रिक्लायनर. मी त्याला शेठ म्हणते. काळाभोर, फुगलेला, दोन्ही बाजूंना लोडांसारखे हात. बटण दाबलं की पाय वर. दुसरं बटण दाबलं की शेठ घुर्र करत मागून बाईला ढकलायचा आणि चक्क उभी करून द्यायचा. तिला स्वतः काहीच करावं लागायचं नाही.

"बघ आई, किती छान! आणि ही मोडकी आता काढून टाकूया ना?" चिमणीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

बाई म्हणाली, "राहू दे गॅलरीत. पंखा पुसायला चढता येईल कुणाला."

पंखा पुसायला! माझ्यावर बसून तिनं अर्ध्या गावाला कपडे घातले होते. गॅलरीत माझ्यावर रद्दी आली, मग कुंडी आली, तिचा गोल डाग अजून आहे माझ्या पाटावर. ऊन खाऊन मी वाकले, पॉलिश उडालं. खिडकीच्या काचेतून शेठ दिसायचा, बाईला मांडीवर घेऊन बसलेला. मी दोघांच्याही नावानं बोटं मोडली असती, पण मला हातच नाहीत.

आणि तिथून मी बाईला विरघळताना पाहिलं. आधी पायऱ्या गेल्या. 'गुडघे कुरकुरतात' म्हणून खाली जाणं बंद. मग गॅलरी गेली. मग मशीनवर कापड पडलं. मांड्या पातळ झाल्या, पाऊल घासत पडू लागलं. काही आजार नव्हता तिला. तिला बसणं झालं होतं, बस्स. संडासातून येताना भिंतीला हात, कपाटाला हात, दाराला हात. भिंतीवर हातांची एक काळी रेघच उमटली.

मग एका दुपारी वीज गेली.

बाई शेठवर आडवी होती, पाय वर, डोकं खाली. पंखा थांबला. तिनं बटण दाबलं. शेठ गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. उठायला बघितलं, तर पोटातही जोर नाही आणि पायातही नाही. पाय हवेत, हात हवेत, उलट्या पडलेल्या झुरळासारखी गत. फोन घसरून खाली पडलेला. ती ओरडली, पण रस्त्यावर जनरेटर धडधडत होते. आणि मग, सांगू नये ते सांगते, तिला लघवीला लागली होती.

वीज आली तेव्हा उशीर झाला होता. शेठनं घुर्र केलं आणि तिला अलगद उभी करून दिली, जणू काही घडलंच नाही. बाई ओल्या कपड्यात उभी. मी काचेतून बघत होते. ती रडेल असं मला वाटलं. तिनं शेठकडे बघितलं आणि अगदी हळू, पँटचे खिसे शिवताना हसायची तशी हसली.

"तुला बघून घेते," ती म्हणाली.

मी गॅलरीत कुंडीखाली उभी होते, पण खरं सांगते, माझे चारही कापलेले पाय शहारले.

चिमणीला हे कळल्यावर ती वेगळंच बोलली. "बास झालं. आता तू माझ्याकडे यायचं. खोली तयार आहे. दिवसभरासाठी कामवाली ठेवू. तुला उठायलाच लागणार नाही."

"मला माझ्या घरात राहायचंय."

"आई, तुला खुर्चीवरून उठता येत नाही!"

"येईल."

मायलेकी कडाडून भांडल्या. शेवटी ठरलं असं: फिजिओथेरपीवाली मुलगी बोलवायची. तीन महिन्यांनी बाईनं साध्या खुर्चीवरून हात न टेकता उठून, चालत बाथरूमला जाऊन, परत येऊन, जमिनीवर पडलेली वस्तू उचलून दाखवायची. जमलं तर हे घर. नाही जमलं तर सामान बांधायचं.

फिजिओ आली. तरुण, बडबडी, पायात चुरचुर वाजणारे बूट. "काय म्हणताय आजी?"

"मी तुझी आजी नाही."

"बरं. मग काय म्हणू?"

"बाई म्हण. सगळे म्हणतात."

फिजिओनं बाईच्या मांड्या दाबून बघितल्या. "बाई, एक सांगू? तुमचं घर या मांड्यांमध्ये आहे. इथे जोर आला की बाथरूम तुमचं, ओटा तुमचा, दार तुमचं. नाही तर सगळं दुसऱ्याचं. औषध नाही याला. रोज उठबस करायची, तेवढीच. मला एक कडक खुर्ची द्या. हात नसलेली."

जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्यांना हात. घरात बिनहाताची एकच. कुंडी उतरवून, पुसून मला आत आणलं. शेठच्या अगदी समोर! भिंतीला टेकवून, म्हणजे मी मागे सरकू नये. फिजिओ बसली, उठली, मला हलवलं. मी म्हटलं, "कुई."

"मजबूत आहे, पण बुटकी आहे," ती म्हणाली. "बुटक्या खुर्चीवरून उठायला जास्त जोर लागतो. असं करा, सुरुवातीला चादरीची जाड घडी घाला हिच्यावर. मग दर आठवड्याला एकेक घडी काढायची. आधी उंची, मग हळूहळू खाली. कळलं ना?"

सगळ्यांना कळलं. पण चिमणी पडली टेलरबाईची लेक. नुसती चादर घालणं तिला पटेना. लहानपणी बाईनं तिला शिवण शिकवायला किती आटापिटा केला होता, पोरगी मशीनला हात लावायची नाही. आणि आता पन्नाशीत, एका रविवारी, तिनं बाईच्याच मशीनवर बसून माझ्या मापाची गादी शिवली. जाड फोमची. कडेनं लाल पायपिंगची किनार, चारही कोपऱ्यांना बांधायला नाड्या.

बाईनं ती हातात घेतली, उलटी केली, शिवण नखानं ओढून बघितली.  मग म्हणाली, "पायपिंगला झोल नाही."

बाईच्या तोंडून ही म्हणजे शाबासकी. चिमणीचे डोळे भरले. गादी माझ्यावर चढली, नाड्या बांधल्या गेल्या, आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की चादरीची घडी काढता येते, गादीची काढता येत नाही.

माझ्या डोक्यात आलं होतं. मी कुई-कुई केलं. पण एवढ्या फोममधून आवाज कुठला बाहेर येतोय? शिवाय त्या लाल पायपिंगमध्ये मी म्हणजे म्हातारपणी नटवलेली नवरी दिसत होते.

फिजिओ असती तर तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं. पण पोरीचा पाय मोडला. दुसऱ्यांना तोल शिकवणारी ही, फोनमध्ये बघत जिना उतरत होती! ती घरी पडून फोनवर विचारायची, "कसं चाललंय?" आणि बाई सांगायची, "उठते की मी. न टेकता." खरंच उठत होती, त्या उंच गादीवरून. चिमणी टाळ्या वाजवायची. शेठ कोपऱ्यात फुगून बसलेला. सगळे खूश.

तीन महिने झाले. फिजिओ लंगडत आली, बघितलं, आणि म्हणाली, "ही गादी काय? ही काढा."

नाड्या सोडल्या. बाई माझ्या उघड्या पाटावर बसली. किती दिवसांनी! तिनं पाय मागे घेतले, पुढे झुकली, जोर लावला. बूड चार बोटं वर आलं आणि धप्पकन खाली. पुन्हा जोर. पुन्हा धप्प. तिसऱ्यांदा तर ती वर आलीच नाही.

आता खरं सांगते, लाज वाटत नाही मला. त्या क्षणी मला आनंद झाला. चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली, तो सूड माझ्या मांडीवर बसला होता. कापलेस ना पाय? दोन बोटं कापलेस? आता त्या दोन बोटांवरून उठ. मी खच्चून 'कुई' केलं.

"कोणी शिवली ही गादी?" फिजिओनं विचारलं.

"मी," चिमणी म्हणाली. तिचा चेहरा पडला.

"छान शिवलीय," बाई माझ्यावर अडकलेलीच म्हणाली. "पायपिंगला झोल नाही."

दुसऱ्याच दिवशी दारात खोकी आली. चिमणीनं भांडी कागदात गुंडाळायला सुरुवात केली. बाई तिला म्हणाली, "कोटाची ट्रायल बघितलीस कधी?"

"म्हणजे?"

"कोटाची पहिली ट्रायल बिघडली की कापड फेकत नाहीत. उसवतात, परत शिवतात. मला एक ट्रायल झालीय. दुसरी दे."

"आई, किती दिवस असं..."

"एक महिना. मग मी तुझ्या घरी येऊन बसते. मरेपर्यंत बसते. तू म्हणशील तिथे."

चिमणीनं खोकी बंद केली नाहीत, पण भरायची थांबवली. खोकी दारापाशीच राहिली, तोंड वासून.

त्या महिन्यात बाईनं माझ्याशी जे युद्ध केलं, ते मी विसरणार नाही. फिजिओनं चादरीच्या घड्या घातल्या, मोजून-मापून, आणि ती स्वतः येऊन एकेक काढायची. "नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या, मग उठा. हात छातीवर. बसताना धप्पकन नाही, हळू. बसणं म्हणजेही काम आहे." माझी पाठ धरून टाचा उचलायच्या. माझी पाठ सोडून एका पायावर उभं राहायचं. पिशवीत पुस्तकं घालून खोलीभर चालायचं. चुलीवर, म्हणजे गॅसवर, दूध ठेवून उभ्यानंच वाट बघायची.

उठबशा मोजायला फिजिओनं सांगितलं होतं. बाई आकडे मोजणारी नव्हे. तिनं शत्रू मोजायला सुरुवात केली.

"ही दुकानमालकासाठी," म्हणून उठायची. "म्हणाला होता, बाईमाणूस, कितीसं चालवणार दुकान."

बसायची.

"ही थोरल्या नणंदेसाठी. माझ्याच लग्नात माझ्या पोलक्याला नावं ठेवली."

"ही त्या डॉक्टरसाठी. मी समोर बसलेली, आणि हा मेला चिमणीला विचारतो, आजींना भूक लागते का?"

"ही कोट परत आणणाऱ्यासाठी. पोट त्याचं सुटलं, चूक माझी."

"ही ह्यांच्यासाठी." ह्यांच्यासाठी म्हणजे गेलेल्या नवऱ्यासाठी. "गेले ते गेले, कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते सांगून गेले नाहीत."

आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी शेठकडे बघत, दात-ओठ खाऊन: "ही तुझ्यासाठी, काळतोंड्या."

फिजिओ फोनवर विचारायची, "आज कुठवर झालं, बाई?"

"नणंदेपर्यंत."

"अरे वा! काल दुकानमालकावरच थांबला होतात."

एकदा तर कमाल झाली. बाई उठता उठता थांबली, मला हातानं चाचपलं आणि म्हणाली, "ही त्या सुतारासाठी. मेल्यानं जरा जास्तच कापली हिला."

मेल्यानं? करवत कुणी मागितली होती? मी इतकी कुरकुरले, की फिजिओनं सांध्यात पाचर ठोकून घेतली.

पण खरं सांगायचं तर तोवर माझा राग तिच्यावरून उतरून दुसरीकडे वळला होता. माझा हिशेब पुरा झाला होता, तिला मी धप्पकन बसवलं होतं. आता आमचे शत्रू एकच होते. शेवटची घडी निघाली, तेव्हा फिजिओ म्हणाली, "बाई, या बुटकीवरून न टेकता उठलात, तर साध्या खुर्चीवरून खेळत उठाल." म्हणजे ज्या दोन बोटांसाठी मी रडत होते, तीच आता कामाला आली होती. बाईच्या मांड्या पुन्हा ओळखीच्या वाटू लागल्या. शत्रू कमी पडायला लागले, तेव्हा ती त्यांच्या मुलाबाळांवर आली.

फक्त एक नाव ती कधी घ्यायची नाही. उठायची, पण न बोलता. ते उठणं सगळ्यांत सरळ असायचं.

गादीचं म्हणाल, तर ती टाकली नाही. फिजिओनं ती जमिनीवर ठेवली, बाईला तिच्यावर गुडघे टेकायला लावले. मग माझ्या पाटावर दोन्ही हात, एक पाऊल पुढे, आणि वर. जमिनीवरून कसं उठायचं ते असं शिकवलं. तिथे हात चालतात. लाल पायपिंग गुडघ्यांखाली मळलं, पण उसवलं नाही.

महिना संपला. चिमणी आली. येतानाच टेम्पोवाल्याला सांगून आली होती.

बाई माझ्यावर बसली. हात छातीवर. उठली. बसली, हळू. उठली. बाथरूमला गेली, आली. भिंतीला हात नाही. फिजिओनं टेप खाली टाकली. बाईनं गादी पायानं ओढली, गुडघे टेकले, टेप उचलली, माझा आधार घेऊन उभी राहिली आणि टेप गळ्यात घातली, दुकानात घालायची तशी.

चिमणी म्हणाली, "ही खुर्ची सवयीची झालीय तुला. बाहेर कुठे..."

"कशावरून उठून दाखवू?"

चिमणी खोलीभर बघू लागली. बाईलाच सुचलं. ती शेठच्या मागे गेली, वाकली, भिंतीतून प्लग उपटला आणि वायर चिमणीच्या हातात दिली.

"धर. आता याच्यावरून."

"बाई, तो फार खोल आहे," फिजिओ म्हणाली. "मऊ खुर्ची सगळ्यांत वाईट."

"म्हणूनच."

ती शेठवर बसली आणि आत बुडाली.  ती पुढे सरकली, काठावर आली, पाय मागे घेतले. नाक पुढे. उठली, अर्धी, आणि शेठनं तिला गिळलं. चिमणीनं धावत हात पुढे केला.

"हात मागे घे."

"आई, राहू दे ना गं..."

"मागे घे म्हणते ना!"

पुन्हा काठावर. पुन्हा पाय मागे. तिच्या मांड्या थरथरत होत्या, हनुवटीही. मी एवढी घट्ट उभी राहिले, की सांधाही वाजला नाही. आणि बाई वर आली. हळूहळू, पण सबंध. सरळ उभी राहिली, आणि जे नाव कधी घेतलं नव्हतं ते घेतलं.

"ही चिमणीसाठी."

फिजिओनं खाली बघितलं. तिला माहीत होतं बाई कुणाकुणासाठी उठते ते. चिमणीलाही कळलं होतं, फोनवर हसत हसत ऐकलं होतं तिनं.

"म्हणजे मी शत्रू?" चिमणीचा आवाज फुटला. "मी तुझ्यासाठी सगळं... मला भीती वाटते आई. मी फोन केला आणि तू उचललाच नाहीस तर?"

"सगळ्यांत मोठी शत्रू," बाई म्हणाली. "बाकीच्यांनी नुसतं बोलून दाखवलं. तू मला बसवलंस." आणि तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, खरखरीत, टाचण्यांनी भोसकलेला. "फोनही उचलेन, दारही उघडेन. रडू नको. तू बस. मी चहा करते."

"तू कशाला, मी..."

"तू बस गं चिमणे."

चिमणी डोळे पुसत मागे झाली आणि बसली. माझ्यावर. गादीबिदी काही नाही, नुसता पाट.

स्वयंपाकघरात कपांचा आवाज झाला. चिमणी आईला मदत करायला उठायला गेली. चार बोटं वर आली आणि धप्प. तिनं मांडीवर हात आपटले. हात टेकायचा नाही, अशी फिजिओनं नुसती मान हलवली. पुन्हा जोर. पुन्हा धप्प. मी खाली असं 'कुई' केलं, असं खणखणीत, की रस्त्यावर टेम्पोवाल्यानं वर बघितलं असेल.

बाई दारात आली. एका हातात साखरेचा डबा, दुसऱ्यात चमचा. उथळ खिशांचं हसू होतं तोंडावर.

"नाक पुढे," ती म्हणाली. "कुणाचं तरी नाव घे. माझं घेतलंस तरी चालेल."

टेम्पो रिकामा गेला.

हल्ली शेठ गॅलरीत असतो. चार माणसांनी ढकलला, आणि कुणी फारसं जपलं नाही. त्याच्यावर रद्दी आहे, रद्दीवर कुंडी आहे. काचेतून तो आत बघतो. मी खोलीच्या मधोमध असते, मशीनसमोर, आणि बाई माझ्यावरून दिवसभर उठते. रविवारी चिमणी येते. बाईकडे राहायला नव्हे, माझ्याकडे शिकायला. तिच्यासाठी बाईनं चादरीच्या घड्या घातल्या आहेत आणि एकेक काढते आहे. ती लाल पायपिंगची गादी मागितली, तर बाई म्हणते, "ती माझ्या गुडघ्यांची आहे." चिमणीचे शत्रू ऑफिसातले आहेत, पुष्कळ आहेत. मला वाटतं ती लवकर सुधारेल.

तर अशी मी, हात नसलेली, बुटकी, कुरकुरणारी. माझे पाय कापल्याचं मी अजून विसरलेले नाही. फक्त ते कुणाकुणाकडून वसूल करायचं, ती यादी जरा लांबलीय.

आणि तुम्ही? एवढा वेळ हे सगळं बसूनच ऐकलंत ना? गादीवर असाल. पाठीला लोड असेल, फोन हाताशी, पाणी हाताशी. ठेवा ते खाली. हात छातीवर घ्या. नाक पुढे. तुमच्या मनातलं एखादं नाव घ्या, सगळ्यांकडे एक तरी असतं.

आता उठा बघू, न टेकता. नाही जमलं, तर मला हाक मारा. तुमच्यासाठी मी आणखी दोन बोटं कापून घेईन.